आयएमएच्या शाखेत नेतृत्व शिकताना: नव्या डॉक्टरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्ह्याच्या गावी इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) शाखेत एक वर्ष खजिनदार, दोन वर्षं सेक्रेटरी आणि एक वर्ष अध्यक्ष होतो. आमच्याकडे दरवर्षी सात-आठ नवे डॉक्टर सभासद होतात. बहुतेक तिशीतले, नुकताच बोर्ड लावलेले. मीटिंगनंतर चहाच्या टेबलापाशी ते जे विचारतात, ते इथे लिहून काढलंय. उत्तरं माझी आहेत, संघटनेची अधिकृत भूमिका नाही.

हॉस्पिटल आत्ताच सुरू केलंय, बँकेचा हप्ता डोक्यावर आहे. यात वेळ कशाला घालवू?

पहिलं वर्ष घालवूच नका. सभासद व्हा, महिन्याच्या मीटिंगला या, मागच्या खुर्चीत बसा आणि कोण काय बोलतं ते ऐका. एवढं पुरे.

दुसऱ्या वर्षापासून मात्र विचार करा. आपल्या धंद्यातले बरेच निर्णय आपल्या ओपीडीच्या बाहेर होतात. ते पोलीस ठाण्यात होतात, नगरपालिकेत होतात, कलेक्टर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतात. तिथे डॉक्टरांच्या बाजूने कोणी बसलेलं नसेल तर तुमचा हप्ता आणखी जड होतो.

ही संघटना मुळात कोणी आणि कशासाठी काढली?

१९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्याला अखिल भारतीय वैद्यकीय परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी होते मुंबईचे सर्जन डॉ. गोपाळराव विनायक देशमुख. तिथल्या ठरावातून ही संघटना उभी राहिली. मुंबईत पेडर रोडवर कधी ट्रॅफिकमध्ये अडकलात तर वर बघा, रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे. हेच गृहस्थ पुढे कायदेमंडळात गेले आणि १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा त्यांच्या प्रयत्नांतून आला. त्याला देशमुख कायदाच म्हणत. ऑपरेशन थिएटरमधून निघालेला माणूस किती लांब जाऊ शकतो, याचं उदाहरण म्हणून मी हे प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. बॅच ते ऐकते आणि पार्किंगचं विचारते.

मी अजून रेसिडेंट आहे. मार्डमध्ये जाऊ की आयएमएत?

दोन्हींचं काम वेगळं. मार्ड ही निवासी डॉक्टरांची संघटना. विद्यावेतन, हॉस्टेल, ड्युटीचे तास, वॉर्डातली सुरक्षा हे तिचे विषय, आणि भांडण सरकारशी किंवा महापालिकेशी. आयएमए ही मॉडर्न मेडिसिनच्या सगळ्या डॉक्टरांची. तिच्यात विद्यार्थ्यांसाठी मेडिकल स्टुडंट्स नेटवर्क आणि तरुणांसाठी ज्युनिअर डॉक्टर्स नेटवर्क आहे. वर्ल्ड मेडिकल असोसिएशननेही २०१० मध्ये असंच ज्युनिअर डॉक्टर्स नेटवर्क सुरू केलं. पदवीनंतर दहा वर्षांच्या आतले किंवा पीजी करणारे डॉक्टर त्यात येतात.

मार्डमध्ये काम केलेली मुलं शाखेत लगेच ओळखू येतात. त्यांना निवेदन लिहिता येतं, पत्रकाराशी बोलता येतं, रात्रभर जागता येतं. एकच खोड मोडायला वेळ लागतो. वाटाघाटीत समोरच्याला तोंड राखून माघार घ्यायला जागा ठेवायची असते, हे त्यांच्या पचनी पडत नाही.

लीडरशिपचं वर्कशॉप असतं, त्याला जावं का?

जा. जेवण चांगलं असतं आणि इतर गावांतले लोक भेटतात. तिथे दाखवतात त्या स्लाइड्सपेक्षा शेजारी बसलेल्या दुसऱ्या शाखेच्या सेक्रेटरीचा फोन नंबर जास्त उपयोगी पडतो.

सुरुवात कोणत्या पदापासून करावी?

खजिनदार. सगळ्यांना हे उत्तर आवडत नाही, कारण खजिनदाराला डायसवर कोपऱ्यातली खुर्ची मिळते आणि बॅनरवर त्याचा फोटो टपाल तिकिटाएवढा असतो.

पण हिशोब ज्याच्या हातात, त्याला शाखा कळते. कोण वर्गणी वेळेवर भरतं, कोण तीन वर्षं 'उद्या पाठवतो' म्हणतं, हॉलचं भाडं किती, पदग्रहण समारंभात शालींवर किती जातात. आपल्याकडच्या बऱ्याच शाखा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. म्हणजे दरवर्षी ऑडिट आलं. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. मी खजिनदार झालो तेव्हा आमचे सलग चार वर्षांचे चेंज रिपोर्ट दिलेलेच नव्हते. कागदोपत्री शाखेचे अध्यक्ष जे होते, ते दोन वर्षांपूर्वी प्रॅक्टिस बंद करून मुलाकडे परदेशी गेले होते. बँकेत सही बदलायला गेलो तेव्हा हे उघड झालं. ते निस्तरायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी जेवढं शिकलो, तेवढं नंतर अध्यक्ष असतानाही शिकलो नाही.

खजिनदारपदाला कमी लेखणाऱ्यांसाठी आणखी एक. धुळ्याचे डॉ. रवी वानखेडकर आयएमएचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. नंतर त्यांनी वर्ल्ड मेडिकल असोसिएशनमध्ये कोणतं पद सांभाळलं? खजिनदाराचं.

सेक्रेटरीला नेमकं काय करावं लागतं?

सगळं. अध्यक्ष बोलतात, सेक्रेटरी करतो.

नोटीस वेळेत काढणं, अजेंडा, मिनिट्स, राज्य शाखेशी पत्रव्यवहार, नव्या सभासदांचे फॉर्म, कोणाच्या घरी काही झालं तर पहिला फोन. जनरल बॉडीला कोरम, म्हणजे किमान हजेरी, होत नाही, हे गृहीत धरून चाला. सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा घ्यायची, अशी तरतूद घटनेत आहे का ते आधी बघा. घटना वाचलेला सेक्रेटरी मी फार कमी पाहिलाय. वाचली तर तुमच्याशी वाद घालायला कोणी येत नाही.

मिनिट्स त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी ओपीडीत पंचवीस पेशंट झाले की काय ठरलं होतं ते आठवत नाही, आणि महिन्याने प्रत्येकाला आपलंच म्हणणं मंजूर झालं होतं असं वाटतं.

आणि सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचे कार्यक्रम. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं पाच वर्षांनी नूतनीकरण करताना तीस क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळे सीएमईला गर्दी असते. अर्ज आधी करायचा, वेळापत्रक आणि वक्ते कळवायचे, कौन्सिलचा निरीक्षक येतो त्याची व्यवस्था बघायची, सभासदांच्या येताना आणि जाताना सह्या घ्यायच्या. तुमची पहिली परीक्षा होते ती या सह्यांच्या टेबलावर. ज्यांच्या हाताखाली तुम्ही इंटर्नशिप केली, ते सर साडेबाराला येतात, जेवतात आणि खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "अरे, सकाळची माझी सही तेवढी करून टाक."

मी पहिल्या वेळी केली. दुसऱ्या वेळी म्हणालो, "सर, निरीक्षक इथेच बसलेत, पुढच्या महिन्यात हृदयरोगावर चांगलं सेशन आहे, मी सकाळी तुम्हाला घ्यायला येतो." ते रागावले. पुढच्या महिन्यात खरंच घ्यायला गेलो. आले.

रात्री हल्ल्याचा फोन आला तर काय करायचं?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ बोलतो.

पावसाळा होता. रात्रीचे साडेअकरा. आमच्या एका तरुण सहकारी मॅडमच्या हॉस्पिटलमध्ये बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन एक बाई गेली होती. बाहेर शंभर-सव्वाशे माणसं, रिसेप्शनची काच फुटलेली, आणि आयएमएच्या ग्रुपवर 'निषेध' आणि हात जोडलेल्या इमोजींचा पूर. मी पोचलो तेव्हा आमचा सेक्रेटरी आधीच तिथे होता. बत्तीस वर्षांचा, पायात घरातल्या चपला.

गर्दीपुढे भाषण वगैरे त्याने काही केलं नाही. आधी मॅडमना वरच्या खोलीत नेलं, त्यांच्या नवऱ्याला शेजारी बसवलं आणि सांगितलं, केसपेपरवर आता एक अक्षरही नवं लिहायचं नाही, खाडाखोड करायची नाही, जे आहे ते आहे. काही राहून गेलं असेल तर आत्ताची तारीख आणि वेळ टाकून वेगळी नोंद करायची. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग कॉपी करायला एकाला बसवलं. पोलीस ठाण्यात फोन झालेलाच होता, तरी दुसऱ्या एका डॉक्टरला प्रत्यक्ष ठाण्यात पाठवलं, कारण फोनवर 'गाडी निघालीय' हे उत्तर तासभरही मिळू शकतं.

मग तो खाली आला आणि नातेवाइकांत सगळ्यात शांत कोण आहे ते शोधलं. भिंतीला टेकून उभा असलेला एक पन्नाशीचा माणूस निघाला, बाईचा मामा. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. आमच्यातला एक जण मागून 'बॉडी कधी नेणार विचार' म्हणत होता. सेक्रेटरीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मामाशी बोलताना तो प्रत्येक वाक्यात 'तुमची भाची' म्हणत होता. पोस्टमॉर्टेम केल्याशिवाय खरं काय झालं ते कोणालाच कळणार नाही, तुम्हालाही नाही आणि आम्हालाही नाही, हे त्याने तीन वेळा समजावलं. कागदांची प्रत मागितलीत तर मिळेल, तो तुमचा हक्क आहे, हेही सांगितलं. (डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून बहात्तर तासांत कागद द्यावे लागतात.) पहाटे तीनला गर्दी सिव्हिलकडे निघाली.

तो मुलगा मीटिंगमध्ये दोन वाक्यं नीट बोलत नाही. डायसवर त्याचे हात थरथरतात. नेता कोणाला म्हणायचं, याबद्दलचं माझं मत त्या रात्री बदललं.

त्यासाठी कायदा किती माहीत हवा?

वकील व्हायची गरज नाही, पण चार गोष्टी पाठ हव्यात.

२०१० चा महाराष्ट्राचा वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचार प्रतिबंधक कायदा. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय नुकसान झालेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. ठाण्यात बऱ्याचदा साध्या मारहाणीची कलमं लावून मोकळे होतात. तेव्हा कायद्याची छापील प्रत खिशातून काढून अंमलदारापुढे ठेवायची. आवाज चढवायचा नाही. प्रत ठेवायची आणि बसून राहायचं.

जेकब मॅथ्यू खटला, २००५. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निष्काळजीपणाच्या फौजदारी तक्रारीत तपास अधिकाऱ्याने आधी त्याच विषयातल्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, स्वतंत्र मत घ्यावं, आणि केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला सरसकट अटक करू नये.

भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, जुलै २०२४ पासून लागू. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरने वैद्यकीय उपचार करताना असं घडलं तर दोन वर्षांपर्यंत.

आणि १९९५ चा निकाल, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता. डॉक्टर ग्राहक संरक्षण कायद्याखाली आले ते यातून. आपली संघटना स्वतःच पक्षकार होती आणि आपण हरलो. हेही नव्या सभासदांना सांगायला हवं, आपण सांगत नाही.

सीनियर बोलूच देत नाहीत. काय करू?

देत नाहीत हे खरं आहे. आमच्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे, "हे आम्ही अठ्ठ्याण्णव साली करून पाहिलं." तुम्ही काहीही सुचवा, ते अठ्ठ्याण्णव साली झालेलं असतं.

उपाय एकच. तोंडी सुचवू नका. एका पानावर लिहा: काय करायचं, कोण करणार, किती पैसे, कधीपर्यंत. 'कोण करणार'च्या पुढे स्वतःचं नाव टाका. मीटिंगच्या आधी दोन सीनियरांच्या ओपीडीत जाऊन ते पान दाखवा, त्यांनी सुचवलेली निदान एक दुरुस्ती स्वीकारा. मग मीटिंगमध्ये तेच लोक तुमच्या बाजूने बोलतात. हे राजकारण आहे का? आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद घालू नका. तिथे सकाळी फुलं येतात, ती येऊ द्या.

महिला डॉक्टर पुढे का येत नाहीत?

हा प्रश्न पुरुष सभासद विचारतात. मीटिंग रात्री साडेनऊला, हॉटेलच्या हॉलमध्ये, जेवण अकराला, आणि वर हा प्रश्न.

आम्ही एक वर्ष कार्यकारिणीची मीटिंग दुपारी अडीचला, एका सभासदाच्या रिकाम्या ओपीडीत घेतली. शेजारच्या खोलीत मुलं अभ्यासाला बसायची. त्या वर्षी कार्यकारिणीत सहा जणी होत्या. पुढच्या वर्षी मीटिंग पुन्हा रात्रीवर गेली आणि दोघी उरल्या. दुसरं, महिलांना 'विमेन्स विंग' आणि सांस्कृतिक कार्यक्रम एवढंच देऊ नका. खजिना द्या, पोलिसांशी बोलायचं काम द्या.

कंपन्यांची स्पॉन्सरशिप घ्यावी का?

डॉक्टरने व्यक्तिशः कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, मुक्काम घ्यायचा नाही, हे जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या (एमसीआय) २००२ च्या आचारसंहितेत २००९ च्या दुरुस्तीने आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने जास्त कडक नियम आणले, औषधं जेनेरिक नावांनी लिहिण्याच्या सक्तीसह. संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. म्हणजे २००२ ची संहिता पुन्हा लागू.

माझं मत विचाराल तर, सीएमईला डेलिगेट फी लावा. तीनशे रुपये भरून येणारा माणूस शेवटपर्यंत बसतो. स्टॉलचे पैसे घेतलेच तर शाखेच्या खात्यात, चेकने, पावतीसह, आणि विषय व वक्ता आपण ठरवायचा. एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, वक्त्याचं नाव सुचवलं की हात आखडता घ्या. यात आमच्याही शाखेचा इतिहास फार गौरवाचा नाही.

बंदची हाक आली की तरुणांनी काय करायचं?

आधी दिल्लीहून किंवा मुंबईहून आलेलं पत्र पूर्ण वाचा. डिसेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर डॉक्टरांना शस्त्रक्रियांची मुभा देणाऱ्या अधिसूचनेविरुद्ध बंद झाला, तो बारा तासांचा आणि तातडीच्या व कोविडच्या सेवा वगळून होता. कोलकात्यातल्या आर. जी. कर प्रकरणानंतर १७ ऑगस्ट २०२४ चा बंद चोवीस तासांचा, पण अत्यावश्यक सेवा चालू. गावातल्या लोकांना हा फरक कळत नाही, तो कळवणं हे तुमचं काम. हॉस्पिटलच्या दारावर मराठीत, मोठ्या अक्षरात: काय बंद, काय चालू, तातडीला कोणता नंबर.

बंदच्या दिवशी तातडीच्या ड्युटीची यादी करायचं काम नेहमी सगळ्यात तरुण सभासदाला द्यावं. चाळीस डॉक्टरांना फोन करून "तुम्ही दुपारी दोन ते आठ" असं मान्य करून घेणं भाषणापेक्षा अवघड आहे.

पहिला उपक्रम कोणता हाती घेऊ?

रक्तदान शिबिर नको, ते सगळेच करतात, आणि १ जुलैला डॉक्टर्स डे असल्यामुळे एकाच आठवड्यात पाच होतात.

क्षयरोगाची नोंद घ्या. खासगी डॉक्टरने टीबीचा पेशंट शासनाला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. पेशंटला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात, आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार. पण नोंदच झाली नाही तर मिळणार कुठून? तुमच्या शाखेत किती जण निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद करतात, हे आधी मोजा. आमच्याकडे एका मॅडमनी मोजलं. दवाखान्या-दवाखान्यात जाऊन, रिसेप्शनिस्टला शेजारी बसवून नोंद कशी करायची ते दाखवलं. डॉक्टरांना दाखवून उपयोग नसतो, ते 'हो हो' म्हणतात. काम रिसेप्शनवरच्या मुलीला शिकवावं लागतं. वर्षाअखेर त्यांच्या हातात खरा आकडा होता आणि जिल्हा क्षयरोग अधिकारी त्यांना नावाने ओळखत होते. पुढच्या वर्षी त्या सेक्रेटरी झाल्या, बिनविरोध.

निवडणूक लढवावी का?

शाखेत शक्यतो नाही. छोट्या गावात निवडणुकीतला दुरावा वीस वर्षं टिकतो, आणि रात्री दोनला भूलतज्ज्ञ लागतो तेव्हा तो आठवतो. राज्य पातळीवर गोष्ट वेगळी, तिथे लढा.

पद संपल्यावर काय?

एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीत असता. विचारलं तरच बोला. पदग्रहणाच्या आधी बसून सगळं नीट हवाली करा: मिनिट्स बुक, चेकबुक, लेटरहेड, ईमेलचा पासवर्ड, चेंज रिपोर्टची पोच, कोर्टात चालू असलेल्या सभासदांच्या केसेसची यादी, ठाण्यातल्या आणि सिव्हिलमधल्या लोकांचे नंबर. मी हे सगळं यादी करून दिलं होतं, पावती घेतली होती. लोखंडी कपाटाची दुसरी किल्ली तेवढी माझ्या गाडीच्या डिकीत राहिली, आणि ती मागायला नवा सेक्रेटरी तीन महिने संकोचत होता.